नलिनीचे सोमवार

भालकीत आमच्या भिंतीला भिंत लागून गुंडेराव मास्तरांचं घर होतं. नलिनी त्यांची बायको. चांगली उंच, मोकळी बाई. हसली की पदर तोंडाशी न्यायची. चाळिशी जवळ आलेली आणि मूल नाही. चौऱ्याऐंशी साली गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासलं. दोष कुणातच सापडला नाही. त्यांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघू. पुढं मी देणार नाही."

"दोष सापडला असता तर बरं झालं असतं, वैनी," जोंधळे निवडता निवडता नलिनी मला म्हणाली. "भांडायला काहीतरी मिळालं असतं."

त्याच उन्हाळ्यात बिदरला दर सोमवारी हैदराबादेहून मल्लप्पा नावाचे एक डॉक्टर यायला लागले. बारीक सुया टोचून उपचार करायचे. ॲक्युपंक्चर म्हणायचे त्याला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या सोडू नका, मग जोडीला काय करायचं ते करा."

नलिनीच्या सासूबाई, शारदाबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, पोट धरून हसल्या. "सुई टोचून लेकरू व्हायलं असतं तर शिंप्याच्या दारात रांग लागली असती की गं!"

पण अडवलं नाही. कारण त्यांच्याच सांगण्यावरून नलिनीनं सोळा सोमवार धरले होते. लेकरू झालंच तर ते महादेवाचं, सुयांचं नाही, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या घरची रीत कडक होती. दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि मधे मोडलं की पुन्हा पहिल्यापासून.

सोबतीला मी जायची. सकाळच्या गाडीनं बिदर, मग स्टेशनापासून चालत डॉक्टरांकडं. पडद्याआड लाकडी बाक, त्यावर सतरंजी. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आपल्या कानडी वळणाच्या मराठीत सांगितलं, "अक्का, मी लेकरू देतो म्हणत नाही. जीवाला जरा निवांत वाटेल, एवढंच. आणि उपाशी येऊ नका, भोवळ येते. जेवलात?"

"जेवले की," नलिनी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

पायांत, हातांत, बेंबीखाली सुया लागल्या आणि ती चक्क झोपली. परतताना गाडीत म्हणाली, "घरी दुपारी जरा आडवी झाले की आत्याबाई विचारतात, 'कामून गं, काही हाय का?' इथं कुणी विचारत न्हाई."

"अगं, पण एक काहीतरी सोड," मी म्हटलं.

"कुणाला न्हाई म्हणू वैनी? देवाला का डॉक्टरला?"

व्रत सरत आलं होतं. आश्विनातलं ऊन, त्या दिवशी गाडी रखडली, डॉक्टरांकडे पोचेपर्यंत दुपार झाली. सुया लावल्या आणि नलिनीचा चेहरा राखेसारखा झाला. अंगाला घाम सुटला. डॉक्टरांनी भराभर सुया काढल्या, तिचे पाय उशीवर ठेवले आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाला लावलं. ते आत जाईना.

"दातखीळ बसली," ते घाबरून म्हणाले.

दातखीळ नव्हती. मी तिच्या डोळ्यांकडं बघत होते. ती शुद्धीवर होती आणि ओठ घट्ट मिटून पडली होती. डॉक्टरांनी गाल दाबून चमचा आत सारला. तिनं गिळलं. मग डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात उतरत राहिलं.

सगळं कळल्यावर डॉक्टर म्हणाले, "उपाशी बाईला मी सुई लावणार नाही. मला दुसरा वार नाही, अक्का."

पाणी पोटात गेल्याचं नलिनीनं घरी सांगितलं, तेव्हा शारदाबाई रागावल्या नाहीत. सुनेला जवळ बसवून त्यांनी दहीभात चारला, डोक्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "पहिल्यापासून धर, बाळ."

मास्तरांनी पेपराची घडी घातली. "तुला काय वाटायलंय ते कर," एवढं बोलून ते अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी मी तिला समजावलं. गोळ्या अजून चालू आहेत, तेवढे दिवस तरी सुया घे, व्रत मागून कर. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"सुयांनी न्हाई झालं तर न्हाई झालं, वैनी, कुणी काही म्हणणार न्हाई. देवाचं अर्धं राहिलं तर जन्मभर म्हणतील, हिनंच मोडलं."

दिवाळीला गोळ्या संपल्या. मल्लप्पा डॉक्टरांनी बिदरला येणं सोडलं. सुया नाहीत, गोळ्या नाहीत, असे नलिनीचे सोमवार माघापर्यंत चालले. पाळी महिन्याच्या महिन्याला येत राहिली. ती बाजूला बसली की मला भिंतीपलीकडून कळायचं. एकही सोमवार मोडला नाही.

उद्यापनाला तिनं स्वतः कणीक भाजून चुरमा केला. गल्लीत सगळ्यांना वाटून शेवटी आमच्याकडं आली, उंबऱ्यातच बसली. एका हाताच्या अंगठ्यानं ती दुसऱ्या हाताच्या पाठीवर, जिथं सुई लागायची तिथं, दाबत होती.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

चुरमा करपला होता. "चांगला झालाय," मी म्हटलं आणि सगळा खाल्ला.