नामाकाकाची वडी आणि दुबईचं विमान

महाशिवरात्रीला आमच्या गावातला माणूस महादेवाच्या पाया एकदाच पडतो, आणि मग नामाकाकाच्या परातीभोवती तीन फेऱ्या मारतो. परातीत भांगेची वडी असते.

आमचं गाव पडघ्याच्या अलीकडे, हायवेला लागून. जिथे भात पिकायचा तिथे आता गोडाऊनं उभी आहेत. भाडं घरबसल्या येतं, त्यामुळे काकाकडे वेळ भरपूर. पाला धुऊन घ्यायचा, तुपात परतायचा, खवा-साखर-बडीशेप घालून वड्या थापायच्या, यात तो कुणाला हात लावू देत नाही. त्याची एक वडी खाल्लेला माणूस संध्याकाळपर्यंत सज्जन असतो.

काका मात्र सज्जन राहत नाही. दुपारी आरती आटोपली की तो देवळाच्या पायरीवर उभा राहतो, मध्येच नाचतो आणि एकेकाचा उद्धार करतो. माझा बाप सावळाराम त्याचा थोरला भाऊ. त्याला सगळ्यांदेखत सांगतो, "दादा, उरल्या शेताचा बांध तू माझ्या अंगाला सरकवलास, महादेव बघतोय." मग मोर्चा काकूकडे. "ठकू, तुझ्यासारखी बाई अख्ख्या तालुक्यात न्हाय." बायका फिदीफिदी हसतात. काकू पदर तोंडाला लावून म्हणते, "त्ये न्हाय बोलत, भांग बोलते." माझा बापही हेच म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ ओट्यावर एकत्र चहा पितात.

यंदा मात्र महाशिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी काका-काकूंचं दुबईचं विमान होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, मेघालीताई, तिथे असते. तिला मुलगी झाली होती, आणि बाबा आल्याशिवाय बारसं करणार नाही असं तिने जाहीर केलं होतं. पाळणा सजून तयार, पाव्हणे सांगून झालेले, आणि नात बिनानावाची. काकाला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं तपासतो. विमानाने काय जातं आणि काय परत येतं हे मला पोटापुरतं कळतं. म्हणून बॅग तपासायचं काम माझ्याकडे आलं. आदल्या संध्याकाळी ओट्यावर बॅग उघडली. सुकट, बोंबील, तांदळाचं पीठ, डिंकाचे लाडू, बाळाची अंगडी-टोपडी. आणि अंगड्यांच्या घडीत एक स्टीलचा डबा.

"काका, हे काय?"

"परसाद."

"भांगेची वडी?"

"परसादच त्यो. जावयाला नेतोय, मितेशला. फोनवर बोलला, मामा, वडी आणा."

"त्याने मस्करी केली असेल."

"देवाच्या परसादाची कोन मस्करी करतो?"

मी डबा बाहेर काढला. काकाने पुन्हा आत ठेवला. मी पुन्हा बाहेर काढला. काकाने वकिली सुरू केली. हा गांजा न्हाय, पाला हाय. वडायचा न्हाय, खायचा हाय. वर तूप हाय. मी म्हटलं, "आपल्याकडेसुद्धा याला परवाना लागतो, तू देवळात वाटतोस म्हणून कुणी विचारत नाही. आणि तिकडे पाला, गांजा, वडी, चॉकलेट सगळं एकच. तूप बघून कुणी सोडत नाही. बारसं बाजूला राहील आणि तुलाच आत घालतील."

काकूने डबा उचलून थेट माझ्या हातात दिला. "ने बाबा लांब."

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण मोबाईल हातात होताच, आणखी वाचत गेलो, आणि माझा चेहरा उतरला.

"काय झालं रं?" माझ्या बापाने विचारलं.

"तिकडे म्हणे नुसतं बरोबर नेलं तरच गुन्हा असं नाही. रक्तात, लघवीत सापडलं तरी धरू शकतात. आणि खाल्लेलं बरेच दिवस अंगात राहतं."

सगळ्यांनी काकाकडे पाहिलं. परवाच तो पायरीवर उभा राहून तासभर बोलला होता.

काकूने बाळाचं टोपडं बॅगेतून बाहेर काढलं. "म्हंजे आता जायचं न्हाय?"

"तिकिटं पुढं ढकल," बाप म्हणाला. "नाम्या, एक वर्स वडी खाल्ली नसतीस तर मेला असतास का?"

काकाने टोपी काढली, पुन्हा घातली. मग बॅगेकडे बघत म्हणाला, "मी खाल्ली न्हाय."

"परवा काय केलंस मग?"

"परवा न्हाय. कवाच न्हाय. मेघाली चार वर्सांची व्हती तवापासून."

त्याने सांगितलं ते असं. त्या वर्षी वडी खाऊन तो बायको-पोरीला घेऊन वज्रेश्वरीला गेला. गरम पाण्याच्या कुंडांपाशी गर्दीत पोर हात सोडून गेली. "ठकू रडत व्हती, पोर हरवली म्हणून. आनि मी हसत व्हतो. मना कलत व्हतं पोर हरवली, तरी हसू थांबंना." पोर बांगड्यांच्या दुकानात सापडली, हातभर बांगड्या घालून बसलेली. त्या दिवसापासून काकाने वडी जिभेला लावली नाही.

"मंग ते बोलनं, नाचनं?" बापाने विचारलं.

"करनाऱ्यानंच खाल्ली न्हाय तर बाकीचे खातील का? सोंग करायचो."

बापाचा आवाज चढला. "म्हंजे बांधाचं तू शुद्धीत बोलायचास?"

"व्हय, दादा."

"दरवर्सी?"

"दरवर्सी. येरवी तू ऐकून घेतलं असतंस का?"

बाप उठला आणि तडक घरी निघून गेला. काकूही उठली, आत गेली आणि चुलीवर काही नसताना बराच वेळ भांडी वाजवत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. काकाकडे न बघता म्हणाली, "यवढी वर्सं मी भांगेला शिव्या घातल्या."

काका लाजला. साठी उलटलेला माणूस इतका लाजतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पण माझं काम संपलं नव्हतं. डबा गेला तरी बॅगेला वास होता, आणि वड्या थापताना घातलेला सदरा तिच्यातच होता. मी म्हटलं, ही बॅग चालणार नाही. एवढ्यात माझा बाप परत आला. हातात स्वतःची नवीकोरी बॅग. धाडकन ओट्यावर ठेवली.

"ही ने. आनि परत आलास की टेप घेऊन बांधावर ये. मापू."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडलं. दरवाज्यापाशी काकाने मला दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकातून बडीशेप सांडली. नुसतीच बडीशेप होती, मी खाऊन पाहिली.

दुबईला कस्टमवाल्याने त्यांची बॅग उघडलीच. मेघालीताई सांगत होती, त्या माणसाने बोंबलांची पिशवी नाकाजवळ नेली आणि स्वतःच्या हाताने चेन लावून दिली.

बारशाच्या दिवशी आम्ही सगळे मोबाईलभोवती बसलो होतो. मितेशचे ऑफिसातले मित्र आले होते, सगळे नीटनेटके, हळू आवाजात बोलणारे. नाव ठेवून झालं आणि काकाने नातीला हातात घेतलं. मग त्या सगळ्यांसमोर तो तिला सांगू लागला. तू माझी माय हाईस, तुझं नाक तुझ्या आजीवर गेलंय, म्हणून तू लय देखणी व्हनार. सांगता सांगता रडायला लागला, आणि रडता रडता पाळण्याभोवती नाचायला.

एका मित्राने ताईला हळूच विचारलं, "अंकल ने कुछ लिया है क्या?"

"कुछ नहीं," ताई म्हणाली. "बाबा ऐसे ही हैं."