घरातला अधिकृत विसराळू

आमच्या घरात विसरण्याचं खातं लग्नापासून माझ्याकडे होतं, आणि ते मला रीतसर मिळालं होतं. लग्नाला महिना झाला नव्हता. नव्या बायकोला घेऊन सारसबागेत गेलो, भेळ घेतली. ती हात धुवायला पाणी मिळतंय का बघायला गेली आणि मला स्वारगेटच्या बाजूला कोथरूडची बस दिसली. वर्षानुवर्षांच्या सवयीने पळत जाऊन पकडली. बस मिळाल्याच्या आनंदात घरी आलो, हातपाय धुतले, पानावर बसलो. आईने विचारलं, "सून कुठाय?"

मी म्हणालो, "कोणाची?"

थोड्या वेळाने सून रिक्षाने आली. दारात चपला काढता काढता म्हणाली, "तुमची भेळ अर्धी राहिली होती. संपवून आले." त्या दिवशी ती एवढंच बोलली. बाकीचं पुढे वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने बोलली.

तिच्याकडे लक्षात ठेवण्याचं खातं होतं. दहावीच्या गणिताचा क्लास घ्यायची, घरीच, पुढच्या खोलीत सतरंज्या टाकून. हातात कधी पुस्तक नसे. भिंतीवरच्या फळ्यावर एका दमात खडूने वर्तुळ काढायची आणि ते खरोखर वर्तुळ असायचं. पहिल्या दिवशी मुलं खात्री करायला कर्कटक लावून बघायची. दुसऱ्या दिवसापासून बघायची नाहीत. मुलांची नावं, आडनावं, कोणाचं बीजगणित कच्चं, कोणाचा भाऊ मागच्या बॅचला होता, सगळं पाठ. आम्हाला मूलबाळ नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "एक आहे की. कचेरीत जातं."

त्यामुळे घरात गोष्टी चुकायला लागल्या, तेव्हा संशयित एकच होता.

फळा पुसायचं डस्टर तांदळाच्या डब्यात सापडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात तांदळाच्या डब्याला हात लावला नव्हता, तरी म्हणालो, "असेल, मीच ठेवलं असेल." आमटीत दोनदा मीठ पडलं. ती म्हणाली, "तुमच्या तोंडाची चव गेलीय." मी जीभ आरशात बघून आलो. गॅसचा नंबर लावायला सांगितलं होतं, असं ती म्हणाली. मला आठवेना. तिने सांगितलं असणारच, कारण ती म्हणत होती.

मग एके संध्याकाळी बुधवार पेठेत निघालो, तिच्या क्लाससाठी जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच आणायला. स्कूटर नेहमी तीच चालवायची. मला रस्ते लक्षात राहत नाहीत, म्हणून मागे बसून पिशवी धरणे हे माझं काम. अलका चौकातून ती डावीकडे न जाता टिळक रस्त्याने नाकासमोर निघाली. मला वाटलं, काहीतरी जवळचा रस्ता असेल. स्वारगेटला एसटी स्टँडसमोर तिने गाडी थांबवली. जरा वेळ इकडे तिकडे पाहिलं.

"कुठे आणलंत मला?"

"चुकलं," मी म्हणालो.

"परत एकदा विसरून जायचा विचार होता का इथे?"

"नाही गं. लक्षातच आलं नाही."

गाडी ती चालवत होती, ही बाब मला त्या वेळी किरकोळ वाटली. परतताना मात्र मी मागच्या सीटवर बसून हिशेब मांडला. डस्टर, मीठ, गॅस, स्वारगेट. शेहेचाळिसाव्या वर्षी माझं डोकं कामातून चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती म्हणाली, "मीही येते. तुम्ही डॉक्टरांना काय होतंय ते सांगायलाच विसराल."

डॉक्टर तरुण होते, आवाज बारीक. त्यांनी मला तीन शब्द सांगितले: लिंबू, किल्ली, सायकल. मग शंभरातून सात वजा करत जायला लावलं, मग कागदावर घड्याळ काढायला लावलं. माझं घड्याळ पेरूसारखं झालं, पण आकडे आपापल्या जागी बसले. शेवटी त्यांनी ते तीन शब्द विचारले. मी म्हणालो, "लिंबू, किल्ली, सायकल." स्वतःच्याच स्मरणशक्तीने मी इतका खट्टू कधी झालो नव्हतो.

मग त्यांनी हिला विचारलं, "घरी काय काय होतं?"

तिने स्वारगेटची हकीकत सांगितली. यांनी मला भलतीकडे नेलं म्हणाली. मग डस्टर सांगितलं. मग म्हणाली, "आणि परवा तर काय झालं, आम्ही बुधवारात निघालो होतो..." आणि स्वारगेटची हकीकत पुन्हा सांगितली. त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून. मला वाटलं, डॉक्टरांच्या मनावर ठसावं म्हणून सांगतेय. शिक्षकांची सवय असते ती.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

झालं, म्हटलं, बातमी वाईट आहे. ती आधी बायकोला सांगणार. बाहेरच्या बाकावर बसून मी धैर्य गोळा केलं. आपण काही दिवसांनी तिला ओळखणार नाही, तेव्हा तिला वाईट वाटू नये म्हणून आजपासूनच थोडं कमी ओळखावं का, असाही विचार केला. शेजारच्या बाई मासिक वाचत होत्या. त्यांच्याकडे मी निरोपाचं हसलो. त्या उठून पलीकडच्या बाकावर बसल्या.

आत बोलावलं तेव्हा टेबलावर दोन घड्याळं होती. एक माझं, पेरूचं. दुसऱ्याचं वर्तुळ असं, की कर्कटक लावून बघायची गरज नव्हती. आत बारा आकडे होते. सगळे उजव्या बाजूला, एकमेकांच्या अंगावर चढलेले. डावी बाजू रिकामी.

ती त्या कागदाकडे बघत होती. मुलांच्या वहीत चूक कुठे आहे हे शोधताना बघायची, तशी.

पुढे मेंदूचे फोटो झाले, रक्त झालं, आणखी एका मोठ्या डॉक्टरांकडे आणखी घड्याळं झाली. शेवटी शब्द आला तो अल्झायमर. तो म्हाताऱ्यांचा असतो अशी माझी समजूत होती. ती एक्केचाळीस वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना उतारवयात होतो, काही थोड्यांना असा लवकर गाठतो. गोळ्यांनी काही दिवस बरं चालतं. बरा होत नाही.

तिथून निघून आम्ही उसाच्या रसाच्या दुकानात बसलो. स्कूटरची किल्ली तिने माझ्यापुढे सरकवली. मला स्कूटर चालवता येत नव्हती, पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती. आम्ही नंतर रिक्षा केली.

"बॅचचं काय?" ती म्हणाली.

मी आजाराचा विचार करत होतो. ती मार्चच्या परीक्षेचा.

"अर्ध्यात सोडलं तर त्यांना आता कुठलाच क्लास घेणार नाही. आणि बाईंचं डोकं कामातून चाललंय असं कळलं, तर आईबाप उद्याच उचलून नेतील. मला ही बॅच पुरी करायचीय. एवढीच."

"मग करायचं काय?"

तिने ग्लास खाली ठेवला. "तुमचं डोकं गेलंय हे सगळ्या सोसायटीला माहितीच आहे. तसंच राहू द्या."

अशा रीतीने मी पेशंट झालो.

संध्याकाळी कचेरीतून आलो की सतरंजीच्या मागच्या टोकाला भिंतीला टेकून बसायचो. ती मुलांना सांगायची, "काकांना डॉक्टरांनी मेंदूला व्यायाम सांगितलाय. ते आपल्यात बसतील. हसायचं नाही." मुलं हसली नाहीत, हे मला जास्त लागलं. काम असं ठरलं होतं, की ती फळ्याशी अडकली की मी हात वर करायचा आणि म्हणायचं, "बाई, मला कळलं नाही. पहिल्यापासून." मग कुणीतरी मागे वळून मला ती पायरी समजावायचं, ती ते ऐकायची आणि खडू पुढे चालायचा. त्यासाठी ती कुठे अडकलीय हे मला कळायला हवं होतं, म्हणून कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी दहावीचं गणित शिकायला लागलो. ज्या विषयात मी स्वतः कसाबसा काठावर पास झालो होतो, तोच. साहेबांनी एकदा टेबलावरची भूमिती पाहिली आणि हळूच निघून गेले. माझ्या आजाराची बातमी तिथेही पोचली होती.

मला समजावण्याचं काम बहुतेक वेळा खिडकीजवळच्या मुलीकडे यायचं, कारण ती सगळ्यांत मागे, माझ्याजवळ बसायची. ती स्वतः भूमितीत साफ कच्ची. सुरुवातीला आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. मग ती पुस्तक उघडून मोठ्याने वाचायची. मग हळूहळू न वाचता सांगायला लागली. आवाज जरा चढवून, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तशी: "काका. स्पर्शिका. वर्तुळाला. एकाच बिंदूत. आठवतंय?"

"नाही," मी म्हणायचो.

"असू दे. परत सांगते."

एकदा बायको फळ्याशी बराच वेळ थांबली म्हणून मी हात वर केला. ती वळली. "तुम्ही गप्प बसा. मी विचार करायला थांबले होते." त्यानंतर विचार कुठला आणि अडणं कुठलं, हे मी तिच्या मानेवरून ओळखायला शिकलो. विचार करताना मान जरा कलती असायची. अडली की सरळ.

सोसायटीत माझी फार काळजी घेतली गेली. तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. ते ब्राह्मीचं तेल, ब्राह्मीचं सरबत आणि 'पेशंटसाठी' अशी चिठ्ठी लावलेली भिजवलेल्या बदामांची वाटी पाठवायचे, आणि जिन्यात गाठून परीक्षा घ्यायचे.

"काल काय जेवलात?"

"पिठलं," असं मी सवयीने खरं सांगून टाकलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पुढच्या वेळी म्हणालो, "काल? जेवलो का मी?" त्यांनी मान हलवली आणि माझ्या देखत हिला म्हणाले, "फार झपाट्याने चाललंय हो."

"हो ना," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच जरा कमी होतं."

बदाम मी तिला द्यायचो. ती म्हणायची, "पेशंटने खायचे." मी ते खाल्ले. माझं वजन वाढलं.

मार्च आला, परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मुलं पेढे घेऊन आली, दारात चपलांचा ढीग झाला. सगळी पास. तिने प्रत्येकाला नावाने हाक मारली. दोघांच्या नावांची अदलाबदल झाली, पण त्या दोघांना वाटलं, बाई गंमत करतायत. त्या संध्याकाळी तिने फळा ओल्या फडक्याने पुसला आणि नव्या बॅचच्या पालकांना कळवलं, की आता क्लास बंद. घरी यांच्याकडे बघावं लागतं.

नंतर हळूहळू खरं काय ते लोकांना कळलंच. हेडमास्तर जिन्यात थांबले.

"म्हणजे ती ब्राह्मी..."

"मीच घेतली."

"तरीच तुम्ही इतके ठणठणीत," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बदाम आले ते नेहमीपेक्षा जास्त होते, आणि वाटीवर चिठ्ठी नव्हती.

अलीकडे मी कचेरी सोडून घरीच असतो. ती मला 'अहो' म्हणते. पूर्वीही अहोच म्हणायची, त्यामुळे माझ्या नावाचं काय झालं याचा तपास करायची वेळ अजून आली नाही. दूधवाल्यालाही अहो म्हणते. आम्ही दोघंही ओ देतो.

परवा दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी, हातात पेढ्यांचा खोका. मी ओळखलं, खिडकीजवळची. दहावीनंतर ते लोक पिंपरीकडे राहायला गेले होते, त्यामुळे इकडची हकीकत तिच्यापर्यंत पोचलेली नसावी. बायको माझ्या शेजारी उभी राहिली. मान सरळ.

मुलगी तिच्या पाया पडली. मग माझ्याकडे वळली आणि आवाज जरा चढवून, सावकाश म्हणाली, "काका. मी. तुमच्या क्लासला होते. खिडकीजवळ बसायचे. तुमच्या शेजारी. भूमिती यायची नाही मला. आठवतंय?"

मी शेजारी पाहिलं. मान किंचित कलली होती.

"नाही," मी म्हणालो. "परत सांग."

तिने न कंटाळता परत सांगितलं. बारावीला गणितात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, हेही सांगितलं.

"यांना काही आठवायचं नाही गं," बायको म्हणाली. "खिडकीजवळ बसायचीस तू. भूमिती कच्ची होती तुझी."

मुलीचा चेहरा फुलला. "बाई, तुमच्या सगळं लक्षात आहे."

"मला लक्षात ठेवावं लागतं. यांचं हे असं."

चहा झाला. मुलगी गेली. बायको पेढ्याचा खोका मांडीवर घेऊन बसली, एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

"अहो, कोण होती हो ती?"

"क्लासला होती. खिडकीजवळ बसायची."

"हुशार होती?"

"भूमितीत कच्ची होती."

तिने पेढा अर्धा खाल्ला.

"मग आता इतके मार्क कसे पडले?"

"कुणीतरी शिकवलं असणार."

"हं," ती म्हणाली. "शिकवणारी बरी मिळाली असणार."