काकांचा न उघडलेला पेनड्राइव्ह

माझ्या अंगात एक वाईट खोड आहे. एखादी वस्तू चालेनाशी झाली, की आधी समोरच्या माणसाचा दोष काढायचा आणि वस्तूकडे मग पाहायचं. बायको म्हणते, घरातला गॅस संपला तरी तुम्ही सिलिंडरकडे नाही, माझ्याकडे डोळे वटारता. ती हे हसून सांगते. मला हसू येत नाही, कारण या खोडीपायी मी एका माणसाचं जे नुकसान केलं ते तिला ठाऊक नाही. परवापरवापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं.

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. निम्मी वस्ती धानवाल्या शेतकऱ्यांची, निम्मी आम्हा विणकरांची. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. नागपूरहून आणलेला, कुणीतरी वापरून काढून टाकलेला. त्या खोलीत आधी वडिलांचा माग होता. तो मोडून मागच्या पडवीत रचला आणि त्याच जागी टेबल ठेवलं. अर्ज टाइप करायचे, लग्नाचे बायोडाटा करायचे, टेलिफोनच्या लाइनवर कुंथत चालणारं इंटरनेट होतं, त्यावरून कोणाचा ईमेल पाठवायचा. गावात दुसरा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून लोक मला 'सर' म्हणायला लागले. तीन महिन्यांच्या कोर्सात शिकवलं त्यापलीकडे मला काही येत नव्हतं. पण ऐट अशी, की जणू तो डबा मीच घरी घडवला.

काका आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. नात्यातले नव्हेत, पण वडिलांच्या बरोबरीचे, आणि त्यांच्यासारखा कोशाच्या रेशमाचा पदर विणणारा आमच्या भागात दुसरा नव्हता. वडील गेल्यावर मी माग मोडायला काढला तेव्हा सगळ्या आळीनं तोंड वाकडं केलं. काका मात्र स्वतः येऊन खुंट्या सोडवू लागले. म्हणाले, "बाबू, काम बदललं तरी हरकत नाही. हातचं काम इमानानं कर म्हणजे झालं." दुकानाचा नारळ त्यांच्याच हातून फोडला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी काकांना एक पत्र आलं. बाहेरच्या जिल्ह्यात विणकामाचं एक शिक्षण केंद्र निघणार होतं, आणि तिथं शिकवायला जुन्या हाताचा माणूस हवा होता. सहा महिने राहायचं, खोली केंद्राची. त्यासाठी विणलेल्या कामाचे फोटो एका ठरावीक दिवशी पाच वाजायच्या आत ईमेलनं पोहोचायला हवे होते. काका चौथी नापास. ते पत्र त्यांनी आळीतल्या प्रत्येकाला वाचायला लावलं. प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे, "मले शिकवाले बोलावून राहिले."

दिवाळीला त्यांचा जावई कॅमेरा घेऊन आला. काकांनी विणलेली लुगडी गावातल्या कोणाकोणाच्या पेटीत होती, ती सगळी बाहेर काढवून त्यानं फोटो काढले, एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिले, आणि कॅमेरा रिकामा करून तो सुरतेला परत गेला. नेमकी तेव्हाच माझी टेलिफोनची लाइन बंद पडली. आठ दिवस काका रोज विचारून जायचे. शेवटच्या दिवशी सकाळी लाइन आली आणि मीच निरोप धाडला, की या, आज पाठवून टाकू.

काका आले ते इस्त्रीचा सदरा घालून. पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळलेला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात धरला. दुकानात तेव्हा शाळेचे एक गुरुजी बसले होते, आणि कोंढा गावचा एक शेतकरी फॉर्म भरायला आला होता.

मी पेनड्राइव्ह लावला. काहीच झालं नाही. आवाज नाही, दिवा नाही. काढून शेजारच्या खाचेत लावला, तिथंही तेच. डब्याच्या मागच्या दोन खाचा विजेच्या झटक्यात कधीच्या गेलेल्या, त्यामुळे एवढ्या दोनच होत्या. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. त्या जुन्या विंडोजला उठायला पाच मिनिटं लागायची, ती पाचही मिनिटं काका पडद्याकडे एकटक पाहत होते. मग सेटिंगमध्ये शिरलो, ड्रायव्हरची सीडी टाकली, आहे ते काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा बंद-चालू केलं. मुंगीएवढा फरक पडला नाही. माझ्या मानेवर घाम आला.

"काहून चालून नाही राहिला बाबू?" काकांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत गुरुजी म्हणाले, "सर, दुसरा एखादा पेनड्राइव्ह लावून पाहा ना. म्हणजे समजंल, मशीनमध्ये खराबी आहे की यात."

बोलणं अगदी बरोबर होतं. माझा स्वतःचा पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात पडला होता, हात लांब करायचा अवकाश. पण माझ्याच दुकानात, चार लोकांदेखत, एका मास्तरानं मला अक्कल शिकवावी याचा मला असा राग आला, की मी खण उघडलाच नाही.

"मशीन चांगली आहे," मी म्हणालो. "पेनड्राइव्ह गेला."

"जावई तं म्हणे, चांगला आहे म्हणून."

"अहो, तुम्ही हातात धरला ना? तुमच्या हातले कोशाचे तंतू चिकटले राहतेत रात्रंदिवस. ते गेले असतील आत. हा काही माग आहे काय, कशाही हातानं धरला तं चालते?"

कोंढ्याचा माणूस हसला. त्याचं पाहून मीही हसलो. काकांनी दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि धोतराला पुसले. सदरा इस्त्रीचा होता, म्हणून सदऱ्याला नाही पुसले. हे मला आजही दिसतं.

मग ते म्हणाले, "जवाहरनगरले साडभाऊचा पोरगा आहे, फॅक्टरीच्या क्वार्टरात. त्याच्याइथं नवा कॉम्प्युटर आहे म्हणते, इंटरनेटवाला. साडेबाराची बस धरली तं पोहोचतो. तिथं उघडंल काय?"

तिथं उघडला असता. पाचच्या आत सगळं झालं असतं. मी एवढंच म्हणालो असतो, की काका, माहीत नाही, नेऊन पाहा, तरी पुरे होतं. पण मी म्हणालो, "मेलेला माणूस दवाखाना बदलला तं जिता होते काय?"

काकांनी मान हलवली. "मंग ठेव तुह्यापाशीच. घरी नेऊन मी काय करू," असं म्हणाले आणि पायरी उतरून गेले.

दहा मिनिटांनी बाकीचेही गेले. खोलीत एकटा उरल्यावर मी खण उघडला आणि माझा पेनड्राइव्ह त्याच खाचेत लावला. दसऱ्याआधी तो धडधाकट चालत होता. आता दिवा नाही, आवाज नाही. म्हणजे खराबी माझ्याच डब्यात होती. घड्याळात पावणेबारा झाले होते.

मी उठून उंबऱ्यापर्यंत गेलो, आणि तिथूनच माघारी फिरलो. ज्याला आत्ताच लोकांसमोर हसलो, त्याच्यामागे धावत जाऊन काय सांगायचं, की काका, तुमचे हात चांगले आहेत, माझा डबा खराब आहे? उद्या अख्खं गाव म्हणालं असतं, सराला दुसरा पेनड्राइव्ह लावून पाहायचीही अक्कल नाही. मग मी स्वतःला समजावायला बसलो. काका आतापर्यंत धानाच्या बांधीवर, शेतात गेले असतील. बस मिळायची नाही. साडभाऊचा पोरगा ड्यूटीवर असेल. आणि चौथी नापास माणसाला शिकवायला घेणार कोण? हे शेवटचं मनात आलं तेव्हा मला स्वतःची किळस यायला हवी होती. आली नाही. उलट बरं वाटलं.

दुपारी तीनच्या सुमाराला तिसऱ्या घरातून मागाचा खटखट आवाज सुरू झाला. पाच वाजून गेले तरी तो चालूच होता.

चार दिवसांनी भंडाऱ्याहून मेकॅनिक आला. त्यानं बॅटरी मारून खाचेत पाहिलं, सुई घातली, आणि कागदावर लाल भुगा सांडला. सोबत तांदळाचा एक अर्धा दाणा.

"भाऊ, हे कुंकू आहे काय?" तो म्हणाला, आणि पोट धरून हसला.

कुंकूच होतं. आमच्या घरी दसऱ्याला मागाची पूजा व्हायची, त्यात धोट्याच्या तोंडाला, जिथून धागा निघतो तिथंच, ओलं कुंकू नि अक्षता लावायची रीत. आजोबांपासूनची. माग गेला, पूजा राहिली. दसऱ्याला मी कॉम्प्युटरला हार घातला, आणि याचं तोंड कोणतं असा विचार करून, मोठ्या भक्तिभावानं, त्या दोन खाचांवर बोट दाबून टिळे लावले. नमस्कारही केला. माझा माउस, कीबोर्ड आणि प्रिंटर जुन्या जाड पिनांवर चालायचे, महिनाभर या खाचांचं काम कोणाला पडलंच नाही. काकांच्या हातचा एक तंतूही आत नव्हता. जे होतं ते माझ्या बोटाचं होतं.

मेकॅनिक गेल्यावर मी काकांचा पेनड्राइव्ह लावला. लगेच उघडला. पदरामागून पदर निघत गेले. काही लुगडी मी ओळखली, एक माझ्या आईचं होतं. शेवटच्या फोटोत काका मागाजवळ उभे होते, तोच सदरा घालून, हात कुठं ठेवावे ते न समजून पाठीशी धरलेले. मी पेनड्राइव्ह काढला आणि खणात अगदी मागं सारून दिला. तेव्हाही गेलो नाही. आता तारीख गेली, सांगून काय उपयोग, असं म्हणून गेलो नाही.

त्यानंतर काका माझ्या दुकानात आले, की आधी आमच्या अंगणातल्या नळावर हात धुवायचे. कागद द्यायचा असला तरी. मला टोमणा वाटला असता तर बरं झालं असतं, पण त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं. त्यांनी माझं बोलणं खरं मानलं होतं, एवढंच. पुढे बँकेत अंगठ्याचं यंत्र आलं. धाग्यानं झिजलेला अंगठा ते यंत्र घेईना. लोक यंत्राला शिव्या घालत होते, आणि काका तिथल्या कारकुनाला सांगत होते, "मशीन चांगली आहे साहेब. माह्या हातातच खोट आहे." मी त्याच रांगेत चार माणसं मागे उभा होतो. खाली मान घालून रांगेतून निघून गेलो.

तो डबा भंगारात गेला, खण तेवढा राहिला. मोबाइल आल्यावर माझं 'सर'पणही उतरलं. मागच्या महिन्यात काकांना बरं नाही म्हणून भेटायला गेलो. आता पंचाऐंशीच्या घरात असतील. सुरतेहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला, सुनेनं मोबाइल पुढे केला, तर काका खाटेवरून उठायला लागले. "थांब बाई, हात धुऊन येतो." सून कंटाळून म्हणाली, "यांचं नेहमीचंच आहे." कॉल कटून गेला.

मी घरी आलो, खण ओढला, पेनड्राइव्ह घेतला आणि परत गेलो. सून आत होती. काकांजवळ बसून मी सगळं सांगितलं. कुंकवाचं, फोटो उघडल्याचं, सगळं. ते भिंतीकडे पाहत ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "तुले कवा समजलं?"

चार दिवसांनी, मेकॅनिक आला तेव्हा, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. पण म्हटलं, आता तरी नको.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "तुम्ही गेल्यावर लगेच. तुम्ही दूर गेले असान, असं वाटलं."

"कुठं गेलो होतो," काका म्हणाले. "तुह्याच बाजूच्या ओट्यावर बसलो होतो ना. साडेबाराची बस जाईपर्यंत बसलो. म्हटलं, बाबू आपलाच आहे, एकडाव आणखी पाहील अन् हाक मारंल."

तो ओटा माझ्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर आहे. उंबऱ्यावर उभा राहिलो तेव्हा मी त्या बाजूला मान वळवली असती, तर ते दिसले असते. मी वळवली नव्हती. मी पेनड्राइव्ह पुढे धरला.

काकांनी तो घेतला नाही. "खाटेवर ठेव," म्हणाले. भिंतीला धरत धरत नळापर्यंत गेले, दोन्ही हात साबणानं धुतले, टॉवेलला कोरडे केले. मग परत येऊन त्यांनी तो उचलला.