होळीत गेलेले बाण

"अस्पर्शित अरण्यातून सागराकडे!" असं त्या जाहिरातीत लिहिलं होतं. म्हसळ्याच्या बाजूने डोंगर चढायचा, एक मुक्काम रानात करायचा आणि दुसऱ्या दिवशी दिवेआगरच्या किनाऱ्यावर उतरायचं. ज्या रानातून बायका रोज मोळ्या घेऊन उतरतात ते अस्पर्शित कसं, हे विचारायला आमच्या ह्यांना सवड नव्हती. हृदयाच्या ऑपरेशननंतर मुलाने धोशा लावला होता, की डोंबिवलीचं घर विका आणि बंगळुरूला माझ्याकडे या. ह्यांनी फोनवर सांगून टाकलं, "दिवेआगरला पायी पोचलो तर इथेच राहणार. नाही पोचलो तर खुशाल वीक घर." घर माझंही आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी निघाले ती ह्यांना वाटेत उचलायला कोणीतरी हवं म्हणून.

म्हसळ्याला आमचा म्होरक्या भेटला. गॉगल, टोपी आणि जिकडे तिकडे खिसे असलेली पँट. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. "काकी, नो टेन्शन," तो मला म्हणाला. "पूर्ण ट्रेलवर आपण लाकडी बाण ठोकलेत, एकदम ताजे. रस्ता चुकायचा चान्सच नाही." बाकीची तरुण मंडळी पाठीवर अख्खा संसार घेऊन आली होती. ह्यांच्या हातात ऑपरेशनपासून न सुटलेली लाकडी काठी, आणि माझ्या पायात मुलाने पाठवलेले महागडे बूट.

सकाळभर बाण होते. दुपारी जेवणाचे डबे उघडले, आणि नंतर बाण संपले ते संपलेच. जिथे बाण असायला हवा तिथे जमिनीत नुसतं भोक. करवंदीच्या जाळीतून ओरखडे घेत आम्ही एकाच आंब्याखाली दुसऱ्यांदा आलो, तेव्हा कॅप्टनने मोबाइल आकाशाकडे धरला. आकाशातही रेंज नव्हती. ह्यांना धाप लागली होती. "बसा हो जरा," मी म्हटलं. "बसलो तर बंगळुरू," ते म्हणाले.

उन्हं उतरताना खालूबाजा (ढोल-सनईचा ताफा) ऐकू आला. त्या आवाजाच्या रोखाने आम्ही एका वाडीत उतरलो. देवळापुढे होळी रचलेली, आणि तिच्यात वरपासून खालपर्यंत आमचे बाण! सगळे आकाशाकडे वाट दाखवत होते. इकडे होळीला लाकडं पळवतात आणि एकदा होळीवर चढलेलं लाकूड कोणी परत मागत नाही, हे जगाला माहीत. ऐन शिमग्याच्या तोंडावर रानात कोरडं लाकूड ठोकून ठेवणारा शहाणा मात्र आमच्याच नशिबी आला.

"ही चोरी आहे! आमची प्रॉपर्टी आहे!" कॅप्टन ओरडला.

"बोंब होळी पेटल्यावर मारायची आसते, दादा," एक बाई पदर तोंडाला लावून हसली. "चोरी न्हाय ती. शिमगा हाय. बसा, पोळी खावा."

पुरणपोळी आणि नारळाचं दूध पोटात गेल्यावर अरण्यवीर निवळले. होळी पेटणार तोच हे उठले आणि आपली काठी त्या ढिगावर ठेवून आले.

"अहो, डोकं फिरलंय का? आणा ती परत!"

"आता न्हाय मिळायची, आक्का," ती बाई म्हणाली. हे तर खुशीत बोंब मारत होते. मला इतका राग आला, की मी दुसरी पोळी घेतली नाही.

सकाळी कॅप्टनने कुठूनसा टेम्पो मिळवला. अस्पर्शित अरण्याचे सगळे पुजारी त्यात चढले. हे चढले नाहीत, म्हणून मलाही चालावं लागलं. वाट बैलगाडीची होती, सरळ आणि स्वच्छ. बाणांची गरज कधी नव्हतीच. हे आपले हात हलवत पुढे. माझ्या मात्र टाचा बुटांनी सोलल्या आणि उतारावर गुडघा असा धरला, की शेवटी मला त्यांचा खांदा पकडावा लागला. सुपारीच्या वाड्या ओलांडून आम्ही दिवेआगरच्या वाळूत पोचलो, तेव्हा कोण कोणाला आणतंय हे बघणाऱ्याला लगेच कळलं असतं.

घरी आल्यावर मुलाचा फोन आला. मी पाय गरम पाण्यात सोडून बसले होते, फोन स्पीकरवर.

"बाबा जिंकले, मान्य," तो म्हणाला. "पण तुला चालवत नाही म्हणे. आता तुझ्यासाठी तरी या ना."

माझ्या पायांपायी माझंच घर जाणार! ह्यांनी फोन माझ्या हातून घेतला.

"तिची काळजी तू करू नकोस," ते म्हणाले. "काठी होळीत गेली, पण मी आहे ना."