मिचिकोसानना कुणी विचारलं नव्हतं

महिन्यापूर्वी एका सकाळी मी ड्राइव्ह-वे शोव्हल करत होते, तेव्हा शेजारचे केंजीसान कुंपणाशी आले. "मिचिको गेली," एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातलं फावडं घेऊन उरलेला बर्फ स्वतःच काढू लागले. मला त्यांना थांबवता येईना...

कॅनडातल्या केंब्रिजला घर घेतलं तेव्हापासूनची आमची ओळख. केंजीसान इथल्या मोटारींच्या कारखान्यात जपानहून इंजिनिअर म्हणून आले आणि रिटायर झाल्यावर इथेच राहिले. त्यांच्या बायकोला, मिचिकोसानना, परत जायचं होतं. पण ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गाडी चालवता येत नव्हती, इंग्लिश जेमतेम. विंटर सुरू झाला की त्यांचं जग स्वयंपाकघराच्या खिडकीपुरतं उरायचं. मी ऑफिसातून आले की त्या खिडकीतून मला हात करायच्या आणि मी चहाला जायची.

मला दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी तिथेच बसून रडले. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात लेऑफ चालू होते. "आत्ता नको गं, टायमिंग बघ ना," संदीप म्हणत होता. नागपूरहून सासूबाईंचा धोशा, आमच्या थोरलीला, ऋचाला, भाऊ हवाच. मिचिकोसाननी माझ्या कपात पुन्हा चहा ओतला. मग म्हणाल्या, "आणि तुला काय हवंय?"

 एवढं विचारून त्या आपल्या तुटक इंग्लिशमध्ये बोलू लागल्या... त्यांच्या आईला आठ मुलं. युद्धात सरकार सांगायचं, देशासाठी मुलं जन्माला घाला. युद्ध हरले, खायला अन्न नव्हतं, तेव्हा सगळे सांगू लागले, कमी घाला. लग्न होऊन त्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये गेल्या, तर तिथे सुईण येऊन सगळ्या बायकांना एकत्र बसवायची आणि संततिनियमन शिकवायची. दोन मुलं, नीटनेटकं घर, फ्रिज. "वाईट नव्हतं ते. आईसारखं झिजायचं नव्हतं मला." पण दोन मुलींनंतर त्यांना पुन्हा दिवस राहिले. केंजीसान म्हणाले, इथे कुणालाच तिसरं नाही. क्लिनिक बसस्टॉपजवळच होतं, शेजारणीही जाऊन आल्या होत्या. एका सकाळी त्याही जाऊन आल्या. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा स्वयंपाक केला. घरात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

"आता टोकियोतली माझी मुलगी म्हणते, मूल नकोच. आणि टीव्हीवर मंत्री म्हणतात, जन्माला घाला." त्या हसल्या. "तिला निदान नको म्हणता येतं."

मी माझं ठरवलं. मीरा झाली. सासूबाई थोड्या रुसल्या, संदीप मात्र तिच्यात रमला. मिचिकोसाननी तिला एकदाच मांडीवर घेतलं आणि लगेच परत दिलं.

मागच्या आठवड्यात केंजीसाननी मला मिचिकोसानचं सामान आवरायला बोलावलं. जपानी घरात प्रत्येकाचा भाताचा वाडगा वेगळा असतो. मुलींचे लहानपणचे दोन छोटे वाडगे मी कागदात गुंडाळले. कपाटात अगदी मागे तसाच तिसरा निघाला, कधीही न वापरलेला. मी तो हातात धरून नुसती उभी राहिले...

केंजीसाननी तो माझ्याकडून घेतला. नळाखाली सावकाश धुतला आणि ओट्यावर स्वतःच्या वाडग्याशेजारी पालथा घातला.

"हा इथेच राहू दे," म्हणाले.