हमीरभाईंचं दोन बोटांचं तोंड

हमीरभाई छकडा चालवायचे. पुढे मोटरसायकलचं तोंड, मागे टेम्पोचं धड, आणि आवाज असा की तीन शेतं पलीकडची म्हैस दाव्याला हिसका द्यायची. त्यात माणसं किती मावतात याचा विचार त्यांनी कधी केला नाही. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "मनात जागा ठेवा, बुडाची आपोआप होते."

गावातून तालुक्याच्या बाजारात जाणाऱ्यांत निम्मी गर्दी डॉक्टर ऊर्मिबेनकडची. आजीपासून नातवापर्यंत सगळ्या घरादाराची हीच एक डॉक्टर. कोणी नुसता खोकला घेऊन गेलं तरी त्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघायच्या, बोट टोचून साखर बघायच्या आणि वर तोंड उघडायला लावायच्या. "आजार नसला तरी ही बाई शोधून काढते," असं म्हणत हमीरभाई बाहेर छकड्यावर बसून हसायचे, आणि हसता हसता तळहातावर मावा मळायचे. सुपारी, चुना, तंबाखू. आमच्या काठियावाडात पाहुण्याला पाणी विचारायला एक वेळ उशीर होईल, मावा विचारायला होत नाही. या पाहुणचाराला आग लावावी असं कुणाला वाटत नाही, हीच खरी पंचाईत.

हमीरभाईंच्या मुलीचं, हिरलचं, शेजारच्या गावातल्या राजशीभाईंच्या मुलाशी जमलं. पोरं एकमेकांवर खूश, घरं एकमेकांवर खूश. साखरपुड्याच्या पंगतीत आमच्याकडची रीत अशी की व्याह्याने व्याह्याच्या तोंडात अख्खा लाडू कोंबायचा. अख्खा म्हणजे अख्खा. गाल फुगलेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि सगळा मांडव खदखदा हसतोय, असं झालं की सोयरीक पक्की.

राजशीभाईंनी तुपात न्हालेला चुरम्याचा लाडू उचलला. हमीरभाईंनी तोंड उघडलं. लाडू दातांवर आपटून फुटला आणि सगळा सदऱ्यावर सांडला. राजशीभाईंना वाटलं, व्याह्याने मुद्दाम दात मिटले.

"आमच्या घरचा लाडू तोंडात घ्यायचा नाही का, हमीरभाई?"

"तसं नाही हो. पोट भरलंय."

हे तर आणखी वाईट. जेवण सुरू व्हायच्या आधीच पोट भरलेला व्याही काठियावाडात अजून जन्माला यायचाय. राजशीभाई रुसले ते रुसलेच. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, लग्नाची तारीख एवढ्यात काढायला नको.

घरी पुरीबेनने नवऱ्याला समोर बसवलं. "खरं सांगा. पोट भरलं होतं?"

"हो."

"वर्षभर मिरचीला हात लावला नाहीत. भाजीत जरा तिखट पडलं की डोळे गळतात. भाकरीची बारकी बारकी गोळी करून आत ढकलता. मी काय आंधळी आहे?"

"वय झालं गं. साधू व्हायच्या वाटेवर आहे."

"साधू मावा खातो होय?"

हमीरभाईंना ठाऊक होतं. सकाळी दात घासताना आपलं तोंड हळूहळू लहान होत चाललंय, हे त्यांनी आरशात पाहिलं होतं. पण तोंडाचं दुखणं म्हटलं की गाव एकच शब्द बोलतं, कॅन्सर. तो शब्द ज्या घरात शिरला त्या घरची मुलगी कोण करणार, या भीतीने हा एवढा बोलका माणूस मुका झाला होता. पुरीबेनने पदर खोचला आणि छकड्यात जाऊन बसली. "चला ऊर्मिबेनकडे. चालवताय, का मी चालवू?"

ऊर्मिबेन म्हणाल्या, "तोंड उघडा."

"उघडलंय."

"हे उघडलंय? बरं, तीन बोटं एकावर एक धरा आणि दातांच्या मधे घाला."

दोन गेली, तीही रडतखडत. तिसरं बाहेरच राहिलं. सुपारीने गाल आतून ताठ झाले होते आणि एका बाजूला पांढरा डाग होता.

"कॅन्सर आहे?" पुरीबेनने विचारलं.

"डागाचा तुकडा तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. मावा मात्र आजपासून बंद. सुपारीसकट, गोड सुपारीसुद्धा नाही." मग त्या हमीरभाईंकडे वळल्या. "इतकी वर्षं माझ्या दारात बसलात. आत यायला व्याह्याला लाडू फोडावा लागला?"

तपासणीचं उत्तर येईपर्यंत घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. उत्तर आलं, कॅन्सर नाही. ऊर्मिबेननी बजावलं की डागावर नजर ठेवावी लागेल, दर खेपेला यायचं. पण हमीरभाईंच्या जिवात जीव आला होता. बाजारापासून घरापर्यंत त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

मावा सुटताना ते मांजराशीसुद्धा भांडले. गालात इंजेक्शनं घ्यायची होती, आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरून तोंड ताणायचं होतं. सोसेल तशी एकेक काडी वाढवायची. चवड दातांत ठेवूनच ते छकडा चालवायचे. उतारूंनी काही विचारलं की "आँ, आँ" करायचे. पुरीबेन गावभर सांगत सुटली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी बोलते आणि हे ऐकतात."

"आता व्याह्यांना खरं सांगून या," ती एक दिवस म्हणाली.

"आणि सोयरीक मोडली तर?"

हिरल आतून बाहेर आली. "बापू, मला खोटं सांगून तिथं पाठवणार? मग जन्मभर मी तिथं काय काय लपवू?"

हमीरभाईंनी छकडा बाहेर काढला. ते निघाले.

राजशीभाई ओसरीवर खाटेवर बसले होते. बसा म्हणाले नाहीत. हमीरभाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, सुपारी, डाग, इंजेक्शनं. मग तोंडात बोटं घालून दाखवली. आता दोन जाऊन तिसऱ्याचं टोक शिरत होतं.

"म्हणजे तो लाडू..."

"उंबऱ्यातच अडला हो, व्याही. घरात घ्यायची फार इच्छा होती."

राजशीभाईंना असं हसू फुटलं की खाट करकरली. "मी तुम्हाला काय काय बोललो! तीन बोटं म्हणता? ही अशी?" त्यांनी आपली तीन बोटं तोंडाशी नेली. आत जाईनात. हात बदलून पाहिला. हसू ओसरलं.

"माझी बोटं जाड आहेत," ते म्हणाले.

दारातून त्यांची बायको म्हणाली, "बोटं आहेत तशीच आहेत. तोंडाचं बघा."

राजशीभाई खाली मान घालून बसले. हमीरभाई त्यांच्या शेजारी टेकले. "छकडा बाहेर उभा आहे. ऊर्मिबेन आत्ता बसलेल्या असतील."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दोघे व्याही एका छकड्यातून गेले, म्हणजे रुसवा संपला."

राजशीभाई उठले. खिशातला मावा त्यांनी बायकोच्या हातात दिला, तिने तो सरळ उकिरड्यावर टाकला. "तारीख वाटेत ठरवू," ते म्हणाले आणि पुढे हमीरभाईंच्या शेजारी दाटीवाटीने बसले. छकडा सुरू झाला. त्या आवाजात त्यांनी हमीरभाईंच्या कानाशी येऊन विचारलं, "ते इंजेक्शन दुखतं का हो?"

"दुखतं," हमीरभाई म्हणाले. "मी हात धरतो."