अक्काला सांगितलेली वेळ

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे — जीभच उचलली नाही. घासाघीस करताना समोरच्याला गप्प बसवणारा माणूस मी. पण हे एक वाक्य ओठापर्यंत येतं आणि माघारी जातं. लिहिताना निदान मध्ये कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

कोल्हापुरात माझं मांडव-डेकोरेशनचं काम आहे. दुसऱ्याच्या गोदामात बांबू वाहत सुरुवात केली, आज गोदाम माझं आहे. हळद कधी, अक्षता कधी, कुणाला कधी घाई करायची — लग्नाचा दिवस हाकणं मला जमतं. म्हणूनच माझी भाची सायली माझ्याकडं आली.

तिला निखिलशी लग्न करायचं होतं आणि तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दाजींना, त्याची जात नको होती. दोन वर्षं समजावून झालं. शेवटी पोरांनी गुपचूप नोंदणी उरकली. पण अक्षता पडल्याशिवाय सायलीला लग्न झाल्यासारखं वाटेना. गगनबावड्याच्या पठारावर, उघड्या आभाळाखाली, दहाच माणसांत लग्न लावायचं ठरलं. "मामा, दिवसाचं टाइमटेबल तुम्हीच करा," ती म्हणाली. "आन् माझ्या पाठीशी तुम्हीच उभं ऱ्हायचं."

तिची अट एकच होती — आई हवी. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. त्या दिवशी दाजींना कारखान्याच्या सभेला जायचं होतं. ते बाहेर पडले की अक्कानं त्यांच्या गावाहून, कळ्याहून, एसटी धरायची, वर यायचं, लेकीवर अक्षता टाकायच्या आणि दाजी परतायच्या आत घरी पोचायचं. सगळा दिवस या एका बाईभोवती बसवायचा होता. मी तो बसवला. पहाटे कोल्हापूर सोडायचं, साडेआठला हळद, अकराला अक्षता. पठारावर पोचलं की सगळ्यांचे फोन बंद, म्हणजे एखाद्या फोटोवरून दाजींना सुगावा लागायला नको. चालू राहणार फक्त माझा.

इथवर सगळं बरं वाटतंय ना? सांगताना मलाही वाटतं.

आता मागचं सांगायला हवं. थोरल्या भाचीच्या, म्हणजे सायलीच्या बहिणीच्या, लग्नाचा मांडव मीच घातला होता. दाजींनी एकेका कमानीवरून हुज्जत घातली, तीही सोसली. ऐन अक्षतांच्या वेळी दारावरचं फुलांचं तोरण सुटलं, म्हणून मी शिडीवर चढलो. तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला — मुलीच्या मामांनी पुढं यावं. मुलीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, तो मामाचा मान. मी शिडी उतरतोय तोवर दाजींनी माझ्या चुलत भावाला पुढं केलं. तो कचेरीत साहेब, डोक्याला फेटा, अंगात कोट. माझ्या हाताला सुतळी आणि चिखल. "ऱ्हाऊ दे, त्यो कामात हाय," दाजी म्हणाले. अक्का शेजारीच होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

नंतर म्हणाली, "तू शिडीवर हुतास की रं." एवढंच! अरे, कुणाच्या तोरणासाठी शिडीवर होतो मी?

हे मी विसरलो नाही. आजही विसरलेलो नाही.

त्या दिवशी पठारावर हळद झाली आणि दरीतून धुकं वर आलं. पावणेदहाला दहा पावलांवरचं दिसेना. सायली घाबरली. "मामा, आईला फोन लावा की. कुठवर आलीय बघा." मी बाजूला कड्याकडं गेलो. फोन कानाला लावला. थोडा वेळ उभा राहिलो. परत येऊन म्हणालो, "लागत नाही. आणि हे धुकं आता दुपारपर्यंत हटत नाही. पाऊस आला तर सगळंच जाईल. उरकून घेऊ."

फोनला रेंज होती. मी लावलाच नव्हता.

आणि धुकं? त्या पठारावर मी आधी तीनदा मांडव घातलाय. तिथलं धुकं अकराच्या आत आपोआप उठतं. त्या दिवशीही उठलं.

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात तिथल्या तिथं सुचलं असेल. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगत होतो. पण — भटजींना मी आदल्या दिवशीच दहाची वेळ दिली होती. सायलीच्या कागदावर अकरा, अक्काला अकरा आणि भटजींना दहा. सबब काय सांगायची एवढंच ठरायचं होतं. ती धुक्यानं दिली.

दहाला अक्षता पडल्या. मी सायलीच्या पाठीशी उभा होतो, फेटा बांधून. पोरगी रडत होती. मला वाटलं होतं, आत कुठंतरी फिटल्यासारखं होईल. कसलं काय! पायात चप्पल चावतेय एवढंच कळत होतं.

पावणेअकराला अक्का चढण चढून आली. लख्ख ऊन पडलं होतं. अंगावर लग्नातली जरीची साडी, हातात पुरणपोळ्यांचा डबा, रुमालाच्या गाठीत घरच्या अक्षता. पोरांच्या गळ्यातले हार बघून ती थांबली. धुक्यामुळं आधीच उरकून घेतलं, असं सायलीनं तिला सांगितलं. कुणावर ओरडली नाही. मला म्हणाली, "तू उभा ऱ्हायलास न्हवं तिच्या मागं? मग झालं." मग डबा खाली ठेवला. "पयली गाडी सोडली रं मी. पोळ्या करत बसले."

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. मी काय म्हणालो? "व्हय. जरा लवकर निघायचं न्हाय व्हय?"

हे मी म्हणालो. फोनचं एक वेळ ऐकून घ्याल — पण हे?

एसटीत तिला कुणीतरी पाहिलं होतं. दाजींना कळलं. तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नाहीत, तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. लेकीच्या लग्नाला गेल्याची सजा ती भोगते, आणि लग्न तिनं पाहिलेलं नाही. मायलेकी आता माझ्या घरी भेटतात, चोरून. भाऊ असावा तर असा, असं अक्का माझ्या बायकोला सांगते. मला चीड येते. तिची येते की माझी, ते कळत नाही. शिडीचा राग तर तसाच आहे, तसूभरही उतरलेला नाही.

गेल्या आठवड्यात सायली लग्नाचा अल्बम घेऊन आली होती. अक्का एकेक पान सावकाश उलटत होती. हळद बघून झाली, अक्षतांच्या पानावर तिचा हात थांबला. "पोळ्या करत बसले," ती माझ्या बायकोला म्हणाली, "न्हायतर गावल्या असत्या मला अक्षता." अकराची वेळ मीच दिलेली, मग तिनं पहिली गाडी का धरावी?

मी शेजारीच बसलो होतो. तिनं पान उलटलं.